एक विनोदी वाग्गेयकार

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत वाग्गेयकाराचें लक्षण सांगितलें आहे. पदाचे शब्द ज्याचे आणि स्वररचनाहि ज्याची, तो वाग्गेयकार. दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसविणारास तेथें ‘कुट्टिकार’ असें वेगळें नांव आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना हे दोन शब्द आम्ही मुलांना मोठ्या कौतुकानें सांगत असूं. परंतु ते एके दिवशीं अमेरिकेंतील एका गणिताच्या अध्यापकास लावून पाहण्याची वेळ येईल, असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

त्याचें असें झालें. २०२५ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस आमच्या धाकट्या बंधूंची कन्या रसायनशास्त्राच्या अभ्यासाला बसली होती. तिच्या खोलींतून पियानोचा आवाज आणि त्यावर एका पुरुषाचें भरधाव पठण ऐकूं येऊं लागलें. जेवणाची वेळ टळत आलेल्या वैदिकानें घाईनें संथा म्हणावी, तसें तें वाटलें. अभ्यास सोडून हें काय चाललें आहे, म्हणून आम्ही विचारावयास गेलों. ती म्हणाली, “काका, अभ्यासच चाललाय. ही मूलद्रव्यांची यादी आहे. आणि गाणारे गृहस्थ परवांच गेले. सत्त्याण्णव वर्षांचे होते.”

त्या गृहस्थांचें नांव टॉम लेहरर. त्या दिवसापासून आम्हीं त्यांचीं बहुतेक सर्व गाणीं ऐकलीं. कांहीं पुतणीनें समजावून सांगितलीं, कांहीं कोश घेऊन बसून आमचीं आम्हीं लावलीं. त्यांतून या मनुष्याविषयीं जें कुतूहल आणि पुढें जो आदर उत्पन्न झाला, तो वाचकांपुढें मांडावा असें वाटतें.

लेहरर यांचा जन्म ९ एप्रिल १९२८ रोजीं न्यूयॉर्क शहरांत एका ज्यू कुटुंबांत झाला. वडिलांचा गळपट्ट्या, म्हणजे नेकटाय, तयार करण्याचा धंदा होता. सातव्या वर्षीं मुलास पियानोची शिकवणी लावली, ती अर्थात् अभिजात संगीताची. मुलाचें मन मात्र नाटकांतील गाण्यांकडे धांवे. आईनें तें ओळखलें आणि लोकप्रिय गाणीं शिकविणारा दुसरा शिक्षक शोधून काढला. आपल्याकडे एखाद्या मातेनें मुलाची ख्यालाची तालीम सोडवून त्यास नाट्यपदांच्या पेटीवाल्याकडे पाठवावें, तसाच हा प्रकार. आणि त्याबद्दल त्या माउलीस धन्यवादच दिले पाहिजेत. पुढें लेहरर यांच्या रचनेंत जें जें दिसतें, तें सारें त्या काळच्या न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेलें आहे. कोल पोर्टर व आयरा गर्श्विन यांची यमकांची कारागिरी, डॅनी के या नटाची जिभेची चपलता, इंग्लंडांतील गिल्बर्ट व सलिव्हन या जोडीच्या संगीतिका, आणि एब बरोज नांवाच्या लेखकाचीं गंमतीचीं गाणीं हे त्यांचे गुरु होत.

बुद्धि तीक्ष्ण होती. पंधराव्या वर्षीं ते हार्वर्ड विद्यापीठांत दाखल झाले, १९४६ सालीं गणित घेऊन पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षीं एम. ए. झाले. डॉक्टरेटचा प्रबंध मात्र वर्षानुवर्षें चालूनहि अखेरपर्यंत पुरा झाला नाहीं. विद्यार्थिदशेंतच, १९४५ सालीं, त्यांनीं आपल्या विद्यापीठाच्या खेळाडूंसाठीं ‘फाइट फिअर्सली, हार्वर्ड’ हें गीत रचलें. मैदानावर खेळाडूंना चेव आणण्यासाठीं अमेरिकेंत रणगीतें म्हणण्याची चाल आहे. लेहरर यांचें रणगीत इतकें सुसंस्कृत, इतकें नाजूक कीं, तें ऐकून शत्रूच्या अंगावर धांवून जाण्याऐवजीं त्यास चहास बोलवावेंसें वाटेल. अलंकारशास्त्रांत ज्यास व्याजस्तुति म्हणतात, तिचें हें उत्तम उदाहरण. स्तुति करावी आणि तिच्या पदराखालून चिमटा काढावा. विद्यापीठानें या पोरास शिक्षा केली नाहीं. उलट तें गीत तेथें आवडीनें वाजविलें जाऊं लागलें. १९५१ सालीं लेहरर व त्यांचे मित्र यांनीं पदार्थविज्ञानाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाच्या नांवाची थट्टा करून ‘द फिजिकल रिव्ह्यू’ नांवाचा गाण्यांचा खेळच विद्यापीठांत करून दाखविला.

येथें आम्हांस आमची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही शिकवीत असतां नववीच्या एका मुलानें, आम्ही वर्गाकडून विभक्तीचीं रूपें घोकून घेत असूं त्या आमच्या पद्धतीवर एक आर्या रचली. वहीचें पान आमच्या हातीं लागलें. आम्हीं तें सर्वांसमक्ष फाडलें आणि त्या मुलास तासभर बाकावर उभें केलें. संध्याकाळीं घरीं येतांना वाटेंत सहज मात्रा मोजल्या. पहिल्या चरणांत बारा, दुसऱ्यांत अठरा, तिसऱ्यांत बारा, चौथ्यांत पंधरा. एकहि मात्रा चुकली नव्हती. त्यानंतर त्या मुलानें आमच्या वर्गांत कधीं कविता केली नाहीं.

असो. मित्रमंडळींत गाणीं गातां गातां लेहरर यांची कीर्ति विद्यापीठाच्या आवारांत पसरली, आणि लोक ध्वनिमुद्रिका मागूं लागले. एखादी मोठी कंपनी आपलीं गाणीं घेईल अशी आशा नव्हती, कारण विषयच तसे होते. तेव्हां त्यांनीं २२ जानेवारी १९५३ रोजीं बोस्टनमधील एका ध्वनिमुद्रणगृहांत जाऊन बारा गाणीं एका बैठकींत म्हटलीं. साथीला दुसरें कोणी नाहीं. पियानोहि स्वतःच वाजविला. ध्वनिमुद्रणाचा खर्च पंधरा डॉलर. तबकड्या काढल्या चारशें. त्या आवारांत तीन तीन डॉलरांस विकल्या. जवळपासचे दुकानदार त्या साडेतीनास विकीत, म्हणजे त्यांनींहि फारसा नफा घेतला नाहीं. नभोवाणीनें हीं गाणीं वाजविण्याचें नाकारलें, वृत्तपत्रांत जाहिरात नव्हती. पण उन्हाळ्याच्या सुटीसाठीं घरोघर गेलेल्या विद्यार्थ्यांनीं त्या तबकड्या आपल्या गांवीं नेल्या, आणि थोड्याच दिवसांत देशाच्या दुसऱ्या टोकाहून, पार सॅन फ्रान्सिस्कोहून, टपालानें मागण्या येऊं लागल्या. चारशांच्या पुढें ती संख्या लाखांवर गेली. आज कोणीहि आपलें गाणें आपणच मुद्रित करून जगापुढें ठेवतो, त्यांत नवल उरलें नाहीं; परंतु त्या काळीं मोठ्या पेढीच्या आशीर्वादावांचून असें कांहीं करणें म्हणजे पदरमोड करून ग्रंथ छापण्यासारखें होतें, आणि त्या ग्रंथांचे गठ्ठे माळ्यावर कसे पडून राहतात हें आमच्या पिढीच्या मराठी लेखकांस सांगावयास नकोच.

परीक्षकांनीं या गाण्यांना बरेंच झोडपलें. अभिरुचीचा अभाव, अतिरेक, असे आक्षेप आले. लेहरर यांनीं त्या प्रतिकूल अभिप्रायांतील वेंचक वाक्यें पुढच्या तबकड्यांच्या वेष्टनावर छापलीं! निंदेचीच जाहिरात केली. इंग्लंडांत बी. बी. सी.नें त्या पहिल्या तबकडीवरील बारांपैकीं दहा गाण्यांस बंदी केली. परंतु १९५७ सालीं लंडन विद्यापीठानें राजकन्या मार्गारेट हिला संगीताची सन्माननीय पदवी दिली, तेव्हां समारंभांतील वक्त्यानें तिच्या आवडीचा विस्तार सांगतांना एका टोकास मोत्सार्ट आणि दुसऱ्या टोकास टॉम लेहरर यांचें नांव घेतलें. राजघराण्याच्या कंठांत जें शोभलें, तें प्रजेनें कसें नाकारावें? इंग्लंडांत त्यांचें नांव झालें, तें त्या समारंभापासून.

आक्षेप अगदींच निराधार होते असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. प्रेयसीचा हात हातांत धरून गाणाऱ्या प्रियकराचें एक गोड गाणें आहे. शेवटाकडे ध्यानांत येतें कीं, हातांत फक्त हातच आहे. बागेंत वसंतऋतूंत कबुतरांना विष घालण्याचें दुसरें एक गाणें आहे, त्याची चाल अशी प्रसन्न कीं आपण मान डोलावतों आणि मग आपलीच आपल्याला शरम वाटते. शृंगाराच्या वेषांत बीभत्स आणून त्यांतून हास्य काढण्याचा हा खेळ आहे. भरतमुनींनीं स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले. या गाण्यांनीं येणारें हसूं त्यांपैकीं कोणत्यांत घालावें, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. एका गाण्यांत कॅथॉलिक पंथाच्या उपासनेची टर उडविली आहे, तें आम्हांस आवडलें नाहीं. दुसऱ्याच्या देवघरांत जोड्यांसह शिरूं नये.

त्यांच्या विनोदाचें खरें तेज दिसतें तें विद्येच्या प्रांतांत. ‘लोबाचेव्हस्की’ या गाण्यांत रशियन गणिती निकोलाय लोबाचेव्हस्की यास वाङ्मयचौर्याचा आद्याचार्य केलें आहे. खरा लोबाचेव्हस्की हा युक्लिडच्या भूमितीपलीकडची भूमिति मांडणारा थोर आणि सर्वस्वीं निर्दोष पुरुष. त्याचें नांव केवळ ठेक्यांत बसतें म्हणून घेतलें, असें लेहरर स्वतःच सांगत. गंमत अशी कीं, चोरीवरचें हें गाणेंहि डॅनी के याच्या स्टानिस्लाव्हस्कीवरील एका गाण्याच्या धर्तीवर रचलेलें आहे, आणि तेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. आमच्या राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांची सविस्तर चिकित्सा केली आहे, त्यास हें गाणें ऐकावयास मिळतें, तर त्यानें त्यास एखादें कोष्टक वाढवून दिलें असतें. याची पुढची कथा याहून सरस आहे. १९५५ ते १९५७ या काळांत लेहरर सक्तीच्या लष्करी नोकरींत होते आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या गुप्त खात्यांत गणिताचें काम करीत होते. तेथें त्यांनीं एका सहकाऱ्याबरोबर जुगारांतील संभाव्यतेवर एक निबंध लिहिला. अनेक दशकांनंतर तो उघड झाला, तेव्हां त्याच्या आधारग्रंथांच्या यादींत त्या गाण्यांतील लोबाचेव्हस्कीचा काल्पनिक प्रबंध निमूटपणें बसलेला आढळला. गुप्त खात्याच्या कोणाहि अधिकाऱ्याच्या तें लक्षांत आलें नव्हतें!

आतां पुतणीच्या खोलींतील त्या गाण्याकडे वळूं. ‘द एलिमेंट्स’ची चाल लेहरर यांची नव्हे, ती आर्थर सलिव्हनच्या १८७९ सालच्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ या संगीतिकेंतील आहे. म्हणजे शार्ङ्गदेवाच्या भाषेंत येथें लेहरर हे कुट्टिकार. पण हा कुट्टिकार सामान्य नव्हे. त्या वेळीं नांव मिळालेलीं सर्व, म्हणजे १०२, मूलद्रव्यें त्यानें यमकें साधून एका दमांत बसविलीं आहेत. क्रम अणुभारांकाचा नाहीं, कानाचा आहे. आज मूलद्रव्यें ११८ झालीं, त्यामुळें यादी अपुरी पडली; परंतु शेवटीं नवीं मूलद्रव्यें सांपडण्याची सोय गाण्यांतच करून ठेवली आहे. एका प्रयोगांत हें गाणें म्हटल्यावर त्यांनीं श्रोत्यांस अॅरिस्टॉटलच्या मताची आवृत्तिहि म्हणून दाखविली. ती अर्थात् फारच थोडक्यांत आटोपते, कारण त्याच्या मतें मूलतत्त्वें चारच! आमची पांच महाभूतें घेतलीं असतीं, तर एक शब्द अधिक लागला असता.

आणि ‘न्यू मॅथ’. या गाण्याविषयीं आम्ही थोडें विस्तारानें लिहिणार, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. जन्मभर फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य येथें घाईनें पुढें जाऊं शकत नाहीं. १९५७ सालीं रशियानें स्पुटनिक अंतराळांत सोडला. अमेरिकेंत घबराट उडाली कीं, आपलीं मुलें गणितांत मागें पडलीं. तेव्हां शाळांतून ‘नवें गणित’ आलें. उत्तर बरोबर येण्यापेक्षां आपण काय करतों हें समजणें महत्त्वाचें, असें त्याचें तत्त्व. घरोघरचे पालक हतबुद्ध झाले. त्यांना हें गणित समजावून देण्याच्या मिषानें लेहरर पियानोवर बसून एक वजाबाकी करतात. ३४२ मधून १७३ वजा करावयाचे. आमच्या लहानपणीं वरच्या अंकास दहा उसने देऊन, ते खालच्या पुढील अंकांत एक मिळवून फेडीत असत. नव्या रीतींत वरचा दशक मोडावयाचा. दोनांतून तीन जात नाहींत. चार दशकांपैकीं एक मोडला, बारांतून तीन गेले नऊ. उरल्या तीनांतून सात जात नाहींत, शतक मोडला, तेरांतून सात गेले सहा. दोनांतून एक गेला एक. उत्तर १६९. येथवर ठीक. परंतु लगेच ते म्हणतात कीं, पुस्तकांत हेंच उदाहरण अष्टमानांत आहे! म्हणजे दहांच्या ठिकाणीं आठांचा गट. दोनांत आठ मिळवून दहा, त्यांतून तीन गेले सात. तीनांत आठ मिळवून अकरा, त्यांतून सात गेले चार. दोनांतून एक गेला एक. उत्तर १४७. आम्हीं पाटी घेऊन दोनदां ताळा केला, बरोबर आहे. सगळी थट्टा चालू असतां एकहि अंक चुकत नाहीं, हें आम्हांस या गाण्यांत सर्वांत मोठें वाटतें. नव्या गणितास ते हंसतात, पण गणितास हंसत नाहींत.

१९६४–६५ मध्यें दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक उपहासाच्या एका कार्यक्रमासाठीं त्यांनीं राजकीय गाणीं लिहिलीं आणि १९६५ सालीं तीं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रंगगृहांत गाऊन मुद्रित केलीं. अमेरिकेंत फेब्रुवारी महिन्यांत बंधुभाव-सप्ताह पाळीत. त्यावरील गाण्यांत सर्व जातिधर्मांचे लोक आठवडाभर एकमेकांना प्रेमानें सहन करतात. परंतु आम्हांस हादरवून गेलें तें व्हेर्नर फॉन ब्राउन याच्यावरील गाणें. या शास्त्रज्ञानें हिटलरसाठीं व्ही–२ अग्निबाण तयार केले. १९४४ मध्यें ते लंडनवर पडले आणि निरपराध माणसें मेलीं. युद्ध संपल्यावर तोच शास्त्रज्ञ अमेरिकेचा मानकरी झाला आणि चंद्रावर जाणारा अग्निबाण बांधूं लागला. लेहरर त्यास कोठेंहि शिवी देत नाहींत. हलक्याफुलक्या चालीवर त्याच्या वतीनें समर्थन करतात. बाण वर सोडणें एवढेंच आपलें काम, ते कोठें पडतात हें पाहणारें खातें निराळें. पुन्हां व्याजस्तुति, पण आतां चिमटा राहिला नाहीं, सुरी झाली आहे. काश्मीरच्या क्षेमेन्द्रानें ‘नर्ममाले’त कायस्थ अधिकाऱ्यांची जी दशा केली, तिची आठवण झाली.

आणि येथें, कीर्तीच्या शिखरावर असतांना, हे गृहस्थ थांबले. पुढें कांहीं तुरळक गाणीं झालीं, बाकी मौन. वीस वर्षांत अवघीं सदतीस गाणीं आणि एकशें नऊ प्रयोग, असा हिशेब ते स्वतः देत. किसिंजर यांस १९७३ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां उपहासाची गरजच संपली, असें ते म्हणाल्याचें प्रसिद्ध आहे. त्यावरून ते निषेध म्हणून गावयाचे थांबले अशी दंतकथा निघाली. ती त्यांनीं खोडून काढली. ते आधींच थांबले होते. कारण साधें होतें. तेंच तें रोज रात्रीं गाण्याचा त्यांना कंटाळा येई. कादंबरीकारास कोणी रोज संध्याकाळीं तीच कादंबरी वाचून दाखवावयास सांगत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. टाळ्यांची त्यांना भूक नव्हती. ज्यास टाळ्यांची भूक नाहीं असा गवई आम्हीं पाहिलेला नाहीं. असे शिक्षक मात्र थोडे पाहिले आहेत.

कारण उरलेलें आयुष्य त्यांनीं शिकविण्यांत घालविलें. १९७२ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेंत ते गणित न आवडणाऱ्या विद्यार्थ्यांस गणिताचें स्वरूप समजावून देत, आणि दुसऱ्या वर्गांत अमेरिकेंतील संगीत नाटकें शिकवीत. २००१ सालीं गणिताचा शेवटचा तास घेतला, त्याचा विषय ‘अनंत’ हा होता. मधल्या काळांत मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ या कार्यक्रमासाठीं त्यांनीं गाणीं करून दिलीं. इंग्रजी शब्दाच्या शेवटचें मुकें अक्षर ‘ई’ हें ‘कॅन’चें ‘केन’ कसें करतें, याचें त्यांत एक गाणें आहे. राजकारण्यांस बोचलेली ती लेखणी तेथें बालबोध वळण गिरवीत बसली आहे.

उपहासानें जग सुधारतें काय? लेहरर यांचें उत्तर नकाराचें होतें. इंग्लंडांतील विनोदी नट पीटर कुक याचा एक तिरकस शेरा ते सांगत असत. हिटलरचा उदय थांबविण्यासाठीं बर्लिनच्या उपहासगृहांनीं केवढी मोठी कामगिरी केली, अशा अर्थाचा. आमच्याकडे ‘झेंडूचीं फुलें’ १९२५ सालीं फुललीं आणि कवींचें रडगाणें कांहीं काळ तरी कमी झालें, असें ऐकिवांत आहे. पण तो कवींचा प्रांत, राज्यकर्त्यांचा नव्हे. लेहरर यांच्या गाण्यांनंतर अण्वस्त्रें वाढलीं, बंधुभाव वाढला नाहीं. तरी १९६५ चें तें गाणें ऐकल्यानंतर फॉन ब्राउनचें नांव कोणत्याहि पुस्तकांत आलें कीं, तें खातें निराळें असल्याची आठवण झाल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

२०२० सालीं त्यांनीं आपल्या गीतांच्या शब्दांवरचा हक्क सोडला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत चाली, ध्वनिमुद्रणें, सर्व कांहीं जनतेच्या स्वाधीन केलें. ज्यास हवें त्यानें घ्यावें, गावें, बदलावें. परवानगी नको, पैसा नको. शिवाय एक सूचना होती कीं, हें भांडार फार दिवस उघडें राहणार नाहीं, तरी विलंब करूं नये. २६ जुलै २०२५ रोजीं केंब्रिज येथें, ज्या हार्वर्डच्या आवारांत पहिल्या चारशें तबकड्या विकल्या त्याच्याजवळच, राहत्या घरीं त्यांचा अंत झाला.

आमच्या पुतणीनें तीं सर्व गाणीं त्याच आठवड्यांत उतरवून घेतलीं. परवां ती म्हणाली, “काका, तुमच्या विभक्तिप्रत्ययांवरहि कुणीतरी असं गाणं करायला हवं होतं.” तेव्हां आम्हीं तिला त्या फाडलेल्या आर्येची हकीगत सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “आठवते का तुम्हांला?” आठवत होती, चारी चरण. आम्हीं ती म्हणून दाखविली.